जांभळ्या झग्यातले कार्डिनल

18व्या शतकातली इटालियन धर्मगुरूंची व्यक्तिचित्रे बाजारात येतात तेव्हा अनेकांची नावे हरवलेली असतात. मग झगा जांभळा दिसला की 'एक बिशप' (एका प्रांताचा मुख्य धर्मगुरू) अशी चिठ्ठी चिकटते. ती पुष्कळदा चुकते: चित्रातला माणूस कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, असू शकतो.

घोळ 'पोर्पोरा' या इटालियन शब्दात आहे. अर्थ जांभळा, व्यवहारात कार्डिनलपद, आणि रंग लाल! 15व्या शतकात शिंपल्यांपासूनचा जुना जांभळा मिळेनासा झाला. त्याच्या जागी केर्मेस किड्याचा लाल आला, नाव मात्र तेच राहिले. खऱ्या जांभळ्याला 'पाओनात्सो' म्हणत. तो बिशपांचा रंग खरा, पण उपवासकाळात आणि पोपच्या सुतकात कार्डिनलही तोच घालत.

म्हणून झगा सोडून आधी टोपी पाहावी. कार्डिनलची चौकोनी बिरेट्टा जांभळ्या झग्यावरही लालच राहते. बिशपची त्या काळी काळी होती; जांभळी टोपी त्यांना 1888 साली मिळाली. तेव्हा 1750च्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात जांभळी बिरेट्टा असेल, तर एक तर चित्र उशिराचे किंवा टोपीवर नंतर कुंचला फिरलेला. संन्यासी संघांतले कार्डिनल आपल्या संघाच्याच रंगात बसतात. त्यांच्या डोक्यावरची लाल टोपी 1591पासूनची. छातीवर क्रॉस नाही म्हणून कार्डिनल नव्हे, हा तर्कही लंगडा: बिशप नसलेल्या कार्डिनलांना तो 1905 साली कुठे मिळाला. हे सगळे नियम 1969च्या सुधारणांत इतके छाटले गेले, की आजचा पोशाख डोळ्यासमोर ठेवून जुने चित्र वाचणारा फसतोच.

रंगद्रव्येही दगा देतात. हिंगुळाच्या (झगझगीत लाल रंगद्रव्याच्या) थरावर किरमिजी लेकचे (रंजकापासून केलेल्या पारदर्शक रंगाचे) हात देऊन लाल रेशीम उभे करत. लेक उजेडाने उडतो, मग चुण्या सपाट आणि झगा नारिंगी दिसू लागतो. चौकटीच्या खाचेखाली झाकलेली कडेची पट्टी तपासावी, मूळ गडद लाल तिथे टिकलेला असू शकतो. सफाईत जोरकस द्रावक वापरले तर उरलासुरला लेकही पुसला जातो.

वरून चढवलेला प्रत्येक थर खरवडण्याजोगा नसतो. बोलोन्याचे आर्चबिशप प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांचे चित्र जुझेप्पे मारिया क्रेस्पीने कार्डिनल म्हणून रंगवले होते. ऑगस्ट 1740मध्ये ते पोप झाले आणि क्रेस्पीने त्याच कापडावर त्यांना पोपचा वेश चढवला. तो थर चित्रकाराच्याच हातचा आहे.