झाकली मूठ आणि शाफ्ट ड्राइव्ह

मोठ्या टूरिंग बाइकच्या शोरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, "चेनची कटकट नाही सर, मेंटेनन्स शून्य." या गाड्यांत चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा, असतो. त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. चेन ताणायची नाही, दर काही दिवसांनी स्प्रे मारायचा नाही, पँटच्या पायाला काळे डाग नाहीत. दुसऱ्या अर्ध्या भागाने मात्र बऱ्याच जणांच्या खिशाला भगदाड पाडलंय. चेन झिजते ती डोळ्यांसमोर. शाफ्ट झिजतो तो मागचं चाक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पोकळ आर्मच्या आत, आणि तिथे काय चाललंय हे तेल, रबर आणि हाताला लागणारा प्ले (ढिलेपणा) एवढ्यावरूनच ओळखावं लागतं.

ही रचना नवी नाही. बेल्जियमच्या एफएन कंपनीने 1905 मध्ये चार सिलिंडरच्या मोटरसायकलला शाफ्ट बसवला होता. बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल, मॅक्स फ्रिट्झ यांनी आखलेली 1923 ची आर 32, शाफ्टवरच धावली, आणि त्या कंपनीच्या बॉक्सर गाड्यांनी आजवर ती वाट सोडलेली नाही. आपल्याकडे बहुतेक सगळ्या गाड्या चेनच्या. शाफ्ट दिसतो तो बीएमडब्ल्यूच्या जीएस, मोटो गुझी, गोल्ड विंग, रॉकेट 3, टायगर 1200 अशा मोजक्या महागड्या गाड्यांवर. जीप-ट्रकच्या मिस्त्रीला मात्र आतला सगळा ऐवज ओळखीचा वाटेल, कारण शेवटी तो क्राऊन-पिनियनच आहे, म्हणजे एक मोठं आणि एक लहान दातेरी चाक.

शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकाचा ॲक्सल आडवा असतो. त्यामुळे मागे कुठेतरी फिरण्याची दिशा काटकोनात वळवावी लागते. जुन्या आर 1150 जीएसमध्ये पिनियनला 11 दात आणि क्राऊनला 31, म्हणजे शाफ्टच्या 2.82 फेऱ्यांत चाकाची एक फेरी. 1980 च्या आर 80 जीएसमध्ये हेच दात 11 आणि 37 होते. हे सगळे आकडे मूळ संख्या आहेत, आणि तो योगायोग नाही. दातांच्या संख्यांना सामाईक विभाजक नसला की पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो. एखाद्या दातावर बारीक खोट असली तरी ती त्याच-त्याच जोडीदाराला खात बसत नाही, झीज सगळ्यांत वाटली जाते.

हे दात सरळ नसून वळणदार असतात, म्हणून आवाज कमी होतो आणि एका वेळी एकाहून जास्त दात भार घेतात. पण वळणदार दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. भार जास्त असला की दातांमधला तेलाचा पापुद्रा पिळून निघतो आणि पोलाद पोलादाला भिडायची वेळ येते. गिअर ऑइलमधली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं इथे कामाला येतात. घर्षणाने क्षणभर तापलेल्या ठिपक्यावर ती लोखंडाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर तयार होतो. मग पोलादाऐवजी तो थर घासला जातो, निघून जातो आणि पुन्हा तयार होतो. जीएल-5 दर्जाच्या गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचाच. साध्या इंजिन ऑइलमध्ये हा गुण पुरेसा नसतो, त्यामुळे "ऑइल ते ऑइल" म्हणून कुठलंही भरू नये. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. डब्यावरच्या 75डब्ल्यू-90 या घट्टपणाच्या आकड्यातला 90 पाहून हे तेल फार घट्ट असेल असं वाटतं, पण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. 90 चं गिअर ऑइल साधारण 40 किंवा 50 च्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं.

क्राऊन-पिनियनच्या या डब्यात, म्हणजे फायनल ड्राइव्हमध्ये, तेल किती? 2004 नंतरच्या आर 1200 जीएसमध्ये बदलताना सुमारे 180 मिली, म्हणजे टपरीवरच्या दोन कटिंगांएवढं. एवढ्याशा तेलावर शंभरेक घोड्यांची ताकद जाते. तरी सुरुवातीला कंपनीने हे तेल जन्मभर पुरेल असं गृहीत धरलं होतं. पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांना तेल काढायचा नटसुद्धा नव्हता. नंतर नट आला आणि तेलबदल सर्व्हिसच्या यादीतही आला. माझ्या मते ज्या डब्यात दात आणि बेअरिंग फिरतात तिथलं कुठलंही तेल जन्मभराचं नसतं. फार तर वॉरंटीभराचं असतं.

तेल बदलणं घरीही जमतं. गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर बाहेर पडतो. आधी वरचा, भरायचा नट उघडावा आणि मगच खालचा. हा क्रम उलटा झाला आणि वरचा नट जाम निघाला, तर तेल सांडून बसलेलं असतं आणि भरायला वाट नसते. खालच्या नटाला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज. बोटांमध्ये चोळल्यावर टोचणारे कण किंवा चमकणारे पापुद्रे लागले, तर बेअरिंग किंवा दात सोलपटायला लागलेत आणि गाडी त्याच आठवड्यात उघडायला हवी. तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. नवं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच भरावं. जास्त भरलं की गरम झाल्यावर ते फुगतं, सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर, दाब येतो आणि सील गळू लागतं. वॉशर नवा घालावा आणि नट टॉर्क रेंचनेच आवळावा, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत.

आता पाण्याकडे येऊ, कारण शाफ्टची खरी शत्रू माती नव्हे, पाणी. तासभर पळून फायनल ड्राइव्ह 70 अंशांपर्यंत तापला आहे आणि गाडी लडाखच्या एखाद्या नाल्यात उतरते, जिथलं बर्फाचं पाणी 5 अंशांचं आहे. आतली हवा गार होते. निरपेक्ष मापात 343 वरून 278 केल्विन, म्हणजे दाब सुमारे 19 टक्क्यांनी घटायला बघतो. पूर्ण बंद डब्यात एवढी घट म्हणजे, लडाखच्या विरळ हवेतही, बाहेरून सुमारे सव्वा मीटर खोल पाण्याचा दाब. पाणी गुडघाभरही नसताना सीलला मात्र ते छातीपर्यंत चढल्यासारखं असतं. हवा घ्यायला ब्रीदर असतो, पण तो चिखलाने बुजला असला तर पाणी सीलच्या ओठातून आत ओढलं जातं. कोकणातल्या ओढ्याचं पाणी एवढं गार नसतं, पण तापलेल्या गाडीला तेही पुरतं.

शाफ्ट ज्या आर्ममध्ये फिरतो तिथे तर तेलच नसतं. दोन्ही टोकांना रबराच्या घडीदार बूटांनी तो झाकलेला असतो. बूटाला चीर पडली किंवा क्लिप ढिली झाली की पाणी आत जातं आणि तळाशी साठून राहतं. 2013 नंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या जीएस गाड्यांमध्ये यामुळे गंज चढून शाफ्ट खराब होऊ लागले. अखेर 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने दर 60,000 किमीला शाफ्ट बदलण्याचा नियम केला, तोही ग्राहकाकडून पैसे न घेता. 'मेंटेनन्स शून्य' या दाव्याला एवढं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नसतं. तेव्हा दर पावसाळ्यानंतर टॉर्चने बूटांच्या घड्यांमध्ये बघावं, विशेषतः खालच्या बाजूला, जिथे चीर सहज दिसत नाही.

शाफ्टची टोकं समोरच्या भागात स्प्लाइनने, म्हणजे लांबट खाचांनी, अडकलेली असतात. इथली झीज मला सगळ्यांत रंजक वाटते. खाचा एकमेकींत घट्ट बसलेल्या दिसतात, पण इंजिनच्या प्रत्येक धक्क्यासरशी त्या केसाहून कमी अंतर पुढे-मागे सरकतात. एवढ्याशा हालचालीत ग्रीस बाजूला सारलं जातं आणि परत यायला त्याला वाव मिळत नाही. उघडा पडलेला धातू हवेशी संयोग पावून लालसर तपकिरी भुकटी तयार होते. ही लोखंडाची ऑक्साइड, आणि ती पॉलिश पेपरसारखी खाचांना घासत राहते. खाचांच्या कडेला अशी कोरडी लाल भुकटी दिसली तर काम सुरू झालंय असं समजावं. म्हणूनच इथे साधं ग्रीस न लावता मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावतात, जिचे थर एकमेकांवर घसरतात आणि सहजी पिळून जात नाहीत. होंडाच्या शाफ्टवाल्या गाड्यांमध्ये टायर बदलताना मागचं चाक निघालं की या खाचा पुसून पेस्ट लावून घ्यायची पद्धत आहे. टायरवाल्याला ती सांगावी लागते, तो आपणहून करत नाही.

शाफ्ट काढलाच तर तो परत बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. सस्पेन्शन खाली-वर होतं, म्हणून शाफ्टला सांधे लागतात, ज्यांना गॅरेजमध्ये युनिव्हर्सल क्रॉस म्हणतात. या सांध्याची खोड रॉबर्ट हूक यांनी 17 व्या शतकातच अभ्यासली होती. सांधा वाकलेला असेल तर एका बाजूने एकसारखी गती दिली तरी दुसरी बाजू दर फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. 10 अंशांच्या वाकाला हा फरक दोन्हीकडे दीड टक्का. बीएमडब्ल्यूच्या 1987 पासूनच्या पॅरालिव्हर रचनेत असे दोन सांधे आहेत, आणि दोघांचे काटे, म्हणजे क्रॉसला धरणारी दुफाटी टोकं, एकाच रेषेत असले तर एकाची चूक दुसरा फेडतो. काटकोनात बसवले तर चुका एकमेकींत भर घालतात. ताशी 80 किमीला चाक सेकंदाला सुमारे 11 वेळा फिरतं, शाफ्ट 31 वेळा, म्हणजे सेकंदाला 62 हिसके. पायाला आणि सीटला बारीक थरथर जाणवते, चाक बॅलन्स करून ती जात नाही, आणि क्रॉसची बेअरिंग वेळेआधी जाते. बऱ्याच शाफ्टमध्ये धक्के पचवायला आतल्या-बाहेरच्या नळीमध्ये रबर चिकटवलेलं असतं. दोन्हींवरून पेंटने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय.

काहीही न उघडता करायची तपासणी सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मागचं टायर घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावं, मग तीन आणि नऊला. दोन्हीकडे सारखाच प्ले लागला तर संशय चाकाच्या मोठ्या बेअरिंगवर. फक्त तीन-नऊला लागला तर आर्म ज्यावर खाली-वर हलतो त्या पिव्होट बेअरिंगवर. मग गाडी गिअरमध्ये टाकून चाक पुढे-मागे फिरवावं. थोडा मोकळा फेर असतोच, कारण त्यात गिअरबॉक्सपासून क्राऊनपर्यंत सगळ्यांचा प्ले जमा होतो. म्हणून एका दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही. टायरवर खडूने खूण करून तो फेर मोजावा आणि वहीत लिहावा. सहा महिन्यांत वाढला तर विचारण्यासारखं आहे.

सगळ्यात शेवटी रिमच्या आतल्या बाजूने बोट फिरवावं. तिथे तेलाचा ओलसर पट्टा लागला तर मोठं सील गेलंय, आणि मागचा ब्रेक हाताच्या अंतरावरच आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, टेम्पोतून न्यावी.