कोल्हापूरच्या पडद्यावरचा इतिहास आला कुठून?

ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर आला की आमच्या कोल्हापुरात दोन दिवसांत दोन तट पडतात. एक म्हणतो, इतिहासाची मोडतोड केली. दुसरा म्हणतो, अहो सिनेमा आहे, थोडं इकडंतिकडं व्हायचंच, लोकांनी तिकीट काढून बघायला नको का? तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, घरच्या ग्रुपवर सगळीकडं हेच. वाद ताजा वाटतो, पण त्याची मुळं या गावात शंभर वर्षं मागं जातात. ती उकरत गेलो तसं माझं एक मत पक्कं होत गेलं. चुका बहुतेक वेळा रंजनाच्या हव्यासामुळं होत नाहीत. आपल्या आधी ज्यानं कुणी गोष्ट सांगितली त्याच्यापाशीच दिग्दर्शक थांबतो, मूळ कागदापर्यंत जातच नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. १ डिसेंबरला चित्रपटातली मंडळी तिथं जमून कॅमेऱ्याला मानवंदना देतात. ही मानवंदना ज्या कॅमेऱ्याच्या आठवणीत आहे, तो विकत आणलेला नव्हता. बाबूराव मेस्त्री म्हणजे आपले बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघंही नाटकांचे पडदे रंगवणारे. चलच्चित्रं पाहून झपाटलेल्या या दोघांनी कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम तडीला नेलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैशाचं बळ दिलं. १९२० मध्ये पौराणिक ‘सैरंध्री’ आला, आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’.

‘सिंहगड’साठी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण झालं, तरुण व्ही. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. मुंबईत गर्दी अशी उसळली की तिच्याकडं पाहून सरकारला करमणूक कर सुचला, असं चित्रपटाच्या इतिहासात कायम सांगितलं जातं. म्हणजे आमच्या ऐतिहासिक पटाचं रंजनमूल्य पहिल्यांदा कुणी मोजलं असेल, तर ते सरकारी खजिन्यानं.

आता या ‘सिंहगड’ची गोष्ट कुठून आली ते बघा. चित्रपट हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. तानाजीची जी गोष्ट घरोघरी ठाऊक होती, तिचा मोठा आधार शाहीर तुळशीदासाचा पोवाडा. तो ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात १८९१ मध्ये छापून आला. यशवंती घोरपड आहे ती या पोवाड्यात. राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाकडं घोरपड नाही. त्याचे मावळे कड्यावर वानरासारखे चढतात. तानाजी पडल्याचं कळल्यावर सभासदाचे महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ सिंहाचा पत्ता नाही. किल्ल्याला ‘सिंहगड’ हे नावही तानाजीमुळं पडलेलं नाही, ४ फेब्रुवारी १६७० च्या आधीच्या पत्रांतही ते सापडतं.

हे वाचून घोरपडीचा राग येऊ देऊ नका. शाहिराचं कामच ते. फडावर हलगी कडाडली की पोवाड्याला घोरपड हवीच, आणि शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात ते कुणाला समजावून सांगायला लागत नाही. पण ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ हे वाक्य पुन्हा वाचा. माणूस म्हणजेच किल्ला. ज्या राजाचं सगळं राज्य किल्ल्यांच्या हिशेबावर उभं आहे, तो मित्राला किल्ल्याच्या मापानं मोजतो. मला हे वाक्य सिंहाच्या वाक्यापेक्षा जास्त हलवतं. कागद कोरडा आणि कल्पना तेवढी रसाळ, असं धरून चाललो की असली वाक्यं हातची जातात.

त्या काळच्या मंडळींना एक अडचण होती, ती आज कुणाला नाही. महाराज दिसायचे कसे, हेच नक्की नव्हतं. कुणा इब्राहिम खानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून कितीतरी वर्षं छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये अस्सल चित्र पुढं आणलं, तेव्हा तो घोटाळा मिटला. म्हणजे ‘सिंहगड’ त्याच्या दहा वर्षं आधीचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली, तिच्या १९३० च्या ‘उदयकाल’मध्ये शांताराम स्वतः शिवाजी झाले, तेही तीन वर्षं आधी. त्या ‘उदयकाल’चं मूळ नाव ‘स्वराज्याचं तोरण’. इंग्रजी अमलात ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरच्या घशाखाली उतरला नाही, म्हणून नाव बदललं. तेव्हाचा प्रेक्षक ऐतिहासिक पट बघायला जायचा तो नुसत्या करमणुकीसाठी नाही आणि नुसत्या इतिहासासाठीही नाही. १६७० बघताना तो १९३० चा विचार करायचा. त्या काळच्या चित्रपटांना आजच्या तराजूत तोलताना हे विसरून चालत नाही. पुढं १९४५ मध्ये शिवाजी चौकात महाराजांचा पुतळा उभा राहिला. तो घडवला बाबूराव पेंटरांनीच आणि पुढाकार दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा. रोज केएमटीच्या बसमधून जाताना आपण ज्यांच्याकडं बघून हात जोडतो, त्या महाराजांनाही चित्रपटवाल्यांचाच हात लागलेला आहे.

भालजींबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण त्यांचं ऋण मोठं आहे. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि १९५२ मध्ये चंद्रकांत मांडरे यांना घेऊन ‘छत्रपती शिवाजी’ काढला. ‘पावनखिंड’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ हे सगळे त्यांचेच. दोन-तीन पिढ्यांचा मावळा कसा बोलतो, मुजरा कसा करतो, हे त्यांनी ठरवलं. पण १९४१ चा ‘थोरातांची कमळा’ही त्यांचाच, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय ही पार्श्वभूमी पुरी होत नाही.

माझ्या आजीनं तो लहानपणी पाहिला होता. जात्यावरच्या ओव्या सांगाव्यात तशी ती संभाजीराजांची आणि कमळेची गोष्ट सांगायची. तिला कधी वाटलंच नाही की ही रचलेली असेल. राजपुत्र देखणा, शूर, पण बाईच्या नादानं वाहवलेला. शेवटी एक सुस्कारा सोडून ती म्हणायची, “थोरल्या महाराजांच्या पोटी असं निपजलं बघ.” तिचा त्या राजावर राग नव्हता, कीव होती. मला ते आज जास्त लागतं.

ही गोष्ट भालजींनी हवेतून काढली नव्हती. संभाजीराजांना व्यसनी, बेताल ठरवण्याची परंपरा त्यांच्या आधीची. तिचं एक मोठं उगमस्थान म्हणजे मल्हार रामराव चिटणीसाची बखर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. राजे जाऊन शतक उलटल्यावर ती लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजी चिटणीसांना, १६८१ मध्ये संभाजीराजांनीच देहदंड दिला होता. घराण्याची जखम बखरीत उतरली. बखरीतून ती नाटकांत गेली. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ त्यातलंच, ज्यावरून २०१७ मध्ये पुण्यातला त्यांचा अर्धपुतळा उखडला गेला. नाटकांतून पडद्यावर, आणि पडद्यावरून माझ्या आजीच्या सुस्काऱ्यात. प्रत्येकानं आपल्या आधीच्यावर विश्वास ठेवला. खोटं बोलायचं असं मधल्या कुणी ठरवलेलंही नसेल.

ही साखळी तोडायला एका माणसाचं जवळजवळ अर्धं आयुष्य लागलं. वर ज्यांचं नाव आलं तेच बेंद्रे. चाळीसेक वर्षं दप्तरं धुंडाळून १९६० मध्ये त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. डॉ. कमल गोखले यांचं संशोधन त्यापाठोपाठ आलं. मग आजऱ्याच्या मातीतले शिवाजी सावंत पुढं आले आणि १९७९ मध्ये त्यांची ‘छावा’ आली. आमच्या घरी वडिलांनी ती लायब्ररीतून आणून रात्री मोठ्यानं वाचली. आजी भिंतीला टेकून ऐकायची. तुळापूरच्या प्रकरणापर्यंत वाचन आलं तेव्हा तिनं मध्येच विचारलं, “मग ती कमळा कुठं गेली?” वडिलांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, “आई, ती सिनेमातली होती.” आजी बराच वेळ काही बोलली नाही.

‘छावा’ कादंबरी आहे, इतिहासग्रंथ नव्हे, हे खरंच. पण तिच्या मागं कागद होते. त्या कादंबरीवर २०२५ मध्ये हिंदी चित्रपट आला आणि चक्र पुन्हा फिरलं. ट्रेलरमध्ये राजे लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले, दिग्दर्शकानं तो भाग काढला. नंतर शिर्के घराण्यातल्या मंडळींनी गणोजी-कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवल्याबद्दल पुरावा मागितला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मध्य प्रदेशात असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं शोधायला खणू लागले, कारण पडद्यावर खजिना दिसला होता. ‘या कथेत कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे’ ही पाटी सुरुवातीला येऊन जाते तेव्हा निम्मं थिएटर अजून खुर्ची शोधत असतं.

आक्षेपांचीही जातकुळी बघावी लागते. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ‘पद्मावती’ या हिंदी चित्रपटाचा सेट रात्रीत पेटवून दिला, पोशाखही जळाले. चित्रपट कुणी पाहिलेला नव्हता. चितोडचा वेढा १३०३ मधला आणि पद्मिनीची गोष्ट सविस्तर सांगणारं जायसीचं काव्य १५४० च्या सुमाराचं, म्हणजे मध्ये सव्वादोनशेच्या वर वर्षं. याच कोल्हापुरात १९२४ मध्ये बाबूरावांनी ‘सती पद्मिनी’ काढला होता. आग लावण्याला मी आक्षेप मानत नाही. २०२२ मध्ये आमच्या छत्रपती घराण्यातल्या संभाजीराजेंनी ‘हर हर महादेव’ आणि ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटांबद्दल पत्रकार परिषद घेऊन जाब विचारला, त्याला मानतो. जिथं पन्हाळा, विशाळगड, नेसरी उंबऱ्याशी आहेत, तिथल्या लोकांनी विचारायचं नाही तर कुणी?

उंबऱ्याशी असण्याचा एक फायदा असा की पायांनी पडताळा घेता येतो. दर जुलैत पोरं पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जातात. मीही दोनदा गेलोय. गुडघाभर चिखल, मोज्यात शिरलेल्या जळवा, पुढच्याची सॅक धरून चाललेली रांग, आणि धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. १६६० चा तो आषाढ. पालखी खांद्यावर, मागं सिद्दी जौहरचं सैन्य. पडद्यावरच्या बहुतेक खिंडींत जमीन कोरडी असते आणि बाजीप्रभूंची छाती तेल लावल्यासारखी चमकते. चिखल कुणी दाखवत नाही. ज्या माणसानं रात्रभर असं पळून सकाळी दांडपट्टा उचलला, त्याची दमछाक दाखवली तर शौर्य कमी होईल अशी भीती का वाटते, मला कळत नाही.

आणि नेसरी. गडहिंग्लज तालुक्यातली ही खिंड, २४ फेब्रुवारी १६७४. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं प्रतापराव गुजर आणि सहा स्वार घरोघरी पोचले. ‘सात’ हा आकडा मला कित्येक वर्षं कवीचाच वाटायचा, इतका तो गाण्यात चपखल बसतो. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांचा वकील नारायण शेणवी रायगडाकडून पत्र लिहितो: दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेत प्रतापराव आणि सहा घोडेस्वार मारले गेले, बाकीच्या सैन्याची साथ वेळेवर मिळाली नाही. परक्या वखारीच्या कामकाजाच्या पत्रात, बातमी म्हणून, दीड-दोन ओळी. आकडा खरा निघाला.

नेसरीच्या स्मारकाशी सहलीची पोरं ती सहा नावं घडाघडा म्हणतात. शेणवीच्या पत्रात नावं नाहीत, ती नंतरच्या परंपरेतली. मागच्या हिवाळ्यात तिथं एक शिक्षक पोरांना ओळीत उभं करून सांगत होते, “सहा जण होते हे कागदात आहे बाळांनो. नावं आपल्या लोकांनी जपलीत.” मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. “सर, कागद कुठं बघायला मिळतो?”