एचएमटी ‘जनता’चं वय डायलवरून का कळत नाही

ऑनलाइन बाजारात ‘नवंकोरं, जुना स्टॉक’ म्हणून मिळणारं एचएमटीचं ‘जनता’ हे मनगटी घड्याळ पुष्कळदा जुनं यंत्र आणि नव्याने रंगवलेली डायल यांची जोडगोळी असते. संग्राहकांच्या बोलीत याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईकरांनी राग मानू नये, नाव रूढच झालंय!

या घोळाचं मूळ घड्याळाच्या जन्मातच आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि घड्याळं मुख्यतः बाहेरून यायची. म्हणून 1953 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनशी हातमिळवणी करून 1961 मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला. चावी देऊन चालणारं, 17 ज्वेलचं (म्हणजे यंत्रातली झीज कमी करणाऱ्या 17 खड्यांचं) ‘जनता’ हे तिथलं सर्वांत गाजलेलं अपत्य. सुरुवातीच्या काही डायलवर एचएमटीच्या जोडीला सिटिझनचंही नाव दिसतं. अशी डायल अस्सल असेल तर घड्याळ पहिल्या काळातलं.

पुढे तेच मूळ यंत्र थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षं चाललं, वेगवेगळ्या मॉडेलांत बसलं. दुरुस्तीवाल्यांची चंगळ झाली, कारण एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालायचे. वय ठरवणाऱ्याची मात्र पंचाईत. 1984 मध्ये टायटन कंपनी उभी राहिली, बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा जमाना आला, एचएमटी मागे पडली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि आठवणींचे भाव चढले. डायल रंगवणाऱ्यांना गिऱ्हाईक आयतंच मिळालं.

म्हणून आधी मागचं झाकण उघडून घ्यावं. दुरुस्तीवाले झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने बारीक अक्षरांत खूण कोरतात, कधी नुसती आद्याक्षरं, कधी तारीखही. तिथे 1974 कोरलेलं असेल तर निदान ते झाकण तरी त्याआधीचं. झाकण दुसऱ्या घड्याळाचं नाही ना, हे केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराची, झीज जुळवून पाहावं. मग भिंगाखाली डायल. कारखान्याची छपाई कडेला स्वच्छ तुटते. नंतरची रंगाई फुगीर असते, मिनिटांच्या रेघा कडेशी वाकड्या जातात. आणि डायल भडक जांभळी किंवा पोपटी असेल, तर भिंगाचीही गरज नाही.