नार्विकची दुसरी फ्लोटिला: पहाटेच्या लढाईआधीचे दोन दिवस

पाणतीर सोडणाऱ्या छोट्या बोटींचा बंदोबस्त करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने १८९३ मध्ये पहिली विनाशिका पाण्यात उतरवली. तिचे नाव होते ‘हॅवॉक’. पुढे विनाशिका टोळीने वावरू लागल्या आणि प्रत्येक टोळीला, म्हणजे फ्लोटिलाला, एक म्होरकी विनाशिका मिळाली. दुसऱ्या महायुद्धात दुसऱ्या फ्लोटिलाची म्होरकी ‘हार्डी’ होती आणि तिच्या मागे त्याच जुन्या नावाची नवी ‘हॅवॉक’ होती. ‘एच’ वर्गाच्या या नौका चपळ, पण लहान. नार्विकला ज्यांच्याशी गाठ पडली त्या जर्मन विनाशिका दोन हजार टनांहून जड होत्या.

नार्विकचे महत्त्व स्वीडनच्या लोहखनिजामुळे. हिवाळ्यात बॉथ्नियाचे आखात गोठते, तेव्हा जर्मनीला जाणारे खनिज नॉर्वेच्या या बंदरातून निघे. ती वाट अडवण्यासाठी ८ एप्रिल १९४० च्या पहाटे ब्रिटिशांनी नार्विककडे जाणाऱ्या वेस्टफियॉर्डच्या (फियॉर्ड म्हणजे डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी) तोंडाशी पाणसुरुंग पेरले. पेरणाऱ्या चार विनाशिका विसाव्या फ्लोटिलाच्या होत्या आणि राखणीला ‘हार्डी’, ‘हंटर’, ‘हॅवॉक’ व ‘हॉटस्पर’.

खरा वाद इथून सुरू होतो. जर्मनांच्या मोठ्या युद्धनौका समुद्रात उतरल्याचे कळताच लंडनच्या मुख्यालयाने त्याच दिवशी सकाळी या आठही विनाशिकांना फियॉर्ड सोडून ‘रिनाउन’ या बॅटलक्रूझरला जाऊन मिळण्याचा हुकूम दिला. दरवाजा उघडा पडला. त्याच रात्री दहा जर्मन विनाशिका, पोटात सुमारे दोन हजार पर्वतीय सैनिक घेऊन, त्याच वाटेने आत गेल्या. ९ तारखेच्या सकाळी त्यांनी बंदरातल्या दोन जुन्या नॉर्वेजियन किनारारक्षक नौका बुडवल्या आणि नार्विक घेतले. मोठ्या नौकांची भीती खोटी नव्हती. ‘रिनाउन’ची दोन जर्मन नौकांशी त्याच पहाटे चकमक झाली. पण फियॉर्डच्या तोंडाशी एकही विनाशिका न ठेवण्याला काय कारण होते, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

दुपारी लंडनने पुन्हा हात घातला. वर्तमानपत्री बातम्यांच्या आधारे, नार्विकला एक जर्मन जहाज पोहोचले आहे, जाऊन ते बुडवा किंवा पकडा, असा हुकूम थेट फ्लोटिलाच्या कॅप्टनला गेला. मधले दोन वरिष्ठ, म्हणजे ताफ्याचा सरसेनापती आणि ‘रिनाउन’वरचा व्हाइस अॅडमिरल, बाजूला पडले. कॅप्टनने वाटेत ट्रानोयच्या वाटाड्यांच्या ठाण्यावर चौकशी केली. ‘हार्डी’पेक्षा मोठ्या सहा नौका आणि एक पाणबुडी आत गेल्याचे तिथल्या लोकांनी सांगितले. त्याने ही बातमी कळवली आणि पहाटे भरतीच्या वेळी हल्ला करण्याचा बेत सांगितला. भरतीला पाणी चढलेले असले, की सुरुंगांवरून निसटण्याची शक्यता वाढते.

व्हाइस अॅडमिरलने कुमक पाठवण्याचा विचार केला आणि सोडून दिला. वेळ जाईल, अचानकपणा जाईल आणि हुकूम तर वरून आलेला. याची खंत त्याला पुढे राहिली. मध्यरात्रीनंतर लंडनहून संदेश आला: निवाडा तुम्हीच करू शकता, जो निर्णय घ्याल त्याच्या पाठीशी आम्ही आहोत. या संदेशाचे कौतुक फार होते. मला त्यात जबाबदारी झटकण्याचा वास येतो. नौका रात्रीच्या अंधारात शत्रूच्या दाराशी पोहोचल्यावर माघार घ्यायला सांगणे आणि न सांगणे यांत कॅप्टनच्या दृष्टीने फरक उरत नाही.

संध्याकाळपर्यंत ‘होस्टाइल’ येऊन मिळाली होती. १० तारखेच्या पहाटे बर्फाच्या माऱ्यात या पाच विनाशिका आत शिरल्या, दोन जर्मन विनाशिका आणि अनेक व्यापारी जहाजे बुडवली. तेलवाहू जहाज एकच पोहोचल्याने जर्मनांचे तेल भरणे रखडले होते, म्हणूनच ते अजून तिथे होते. परततानाच बाजूच्या फियॉर्डमधून पाच ताज्या जर्मन विनाशिका आल्या. ‘हार्डी’ किनाऱ्यावर चढवावी लागली, कॅप्टन मारला गेला, ‘हंटर’ बुडाली. ‘हॉटस्पर’ला बाकीच्या दोघींनी मागे वळून वाचवले. १३ एप्रिलला ‘वॉरस्पाइट’ ही बॅटलशिप नऊ विनाशिका घेऊन आली आणि उरलेल्या आठही जर्मन विनाशिका संपल्या. जर्मनीच्या त्या वेळच्या विनाशिकांपैकी निम्म्या एका बंदरात गेल्या.

भूमध्य समुद्रात ‘हायपेरियन’च्या नेतृत्वाखाली दुसरी फ्लोटिला पुन्हा उभी राहिली आणि जुलै १९४० मध्ये क्रीटजवळ केप स्पाडाच्या लढाईत उतरली. ‘होस्टाइल’ ऑगस्ट १९४० मध्ये केप बॉनजवळ सुरुंगावर गेली. ‘हॅवॉक’ एप्रिल १९४२ मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्याला लागून निकामी झाली. नार्विकच्या पाचांपैकी युद्ध संपेपर्यंत टिकली ती ‘हॉटस्पर’. १९४८ मध्ये ती डोमिनिकन प्रजासत्ताकाला विकली गेली आणि १९७२ मध्ये भंगारात निघाली.