पकडलेली कुत्री जंगलात सोडण्याचा नियम नाही

तक्रार झाली की नगरपरिषदेने मोकाट कुत्री पकडून दूर जंगलात सोडावीत, असा नियमच असल्याचे विदर्भातील तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात तसा नियम नाही. केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, आणि त्याआधी २००१ पासूनही, पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला जिथून उचलले त्याच भागात परत सोडावे लागते. पानठेल्यापुढे पसरलेल्या एखाद्या कुत्र्याच्या कानाचा कापलेला कोपरा ही त्याचीच खूण. पिसाळलेल्या कुत्र्यांना हे लागू नाही, शिवाय शाळा, दवाखाने, बसस्थानके येथून उचललेली कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. जंगलाकाठी कुत्री सोडणे म्हणजे तर बिबट्याला गावाची वाट दाखवणेच.