जनुक शाबूत, तरी बंद

जळगाव-धुळ्याकडे पोटातली जळजळ म्हणजे पित्त, आणि त्याचं खापर फुटतं शेवभाजीवर नाहीतर ठेच्यावर. तिखटाने त्रास वाढतो हे खरंच. पण वर्षानुवर्षं धुमसत राहणाऱ्या जठरदाहामागे बऱ्याचदा एक जिवाणू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. बहुतेकांना तो लहानपणी घरातूनच लागतो आणि उपचार झाले नाहीत तर जन्मभर मुक्कामाला राहतो. त्यातल्या फार थोड्यांना जठराचा कर्करोग होतो, पण ज्यांना होतो त्यांच्या अस्तरात आधी कितीतरी वर्षं काय चाललेलं असतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

कर्करोग म्हणजे जनुकांतली मोडतोड, असं आपण ऐकत आलो. जठरात मोडतोडीशिवायही काम बिघडतं. डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराला मिथाइल गट चिकटतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं तिथे हे गट दाटीने बसले, की डीएनए आवळला जातो आणि जनुक गप्प होतं. रावेर-यावलच्या केळीबागांत क्षार साचून ठिबकचे ड्रिपर चोकअप होतात, तसंच हे. नळी फुटलेली नसते, मोटार चालू असते, पण झाडाला पाणी नाही.

मिथाइल गट शरीराचे शत्रू नव्हेत. कुठल्या पेशीत कुठली जनुकं झोपवायची, हे त्यांच्याच मदतीने ठरतं. घात होतो तो राखणदार जनुकंच बंद पडली तर. सीडीएच1 हे जनुक पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारं प्रथिन बनवतं. ते थांबलं की पेशी सुट्या होऊन पसरू शकतात. एमएलएच1 डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. ते गप्प झालं की चुकांचा ढीग साचतो, म्हणजे आधी जनुक बंद पडतं आणि खरी मोडतोड त्यानंतर सुरू होते. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

पण हे गट तिथे बसवतं कोण? 2006 मध्ये जपानी संशोधकांनी कर्करोग नसलेल्या लोकांच्या जठराचं अस्तर तपासलं. संसर्ग असलेल्यांत काही जनुकांवरचं मिथाइलचं प्रमाण कितीतरी पट जास्त निघालं. पुढे 2010 मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग झाला. संसर्ग तसाच ठेवून फक्त दाह दाबणारं औषध दिलं. जिवाणूंची संख्या घटली नाही, मिथाइल साचणं मात्र रोखलं गेलं. म्हणजे जनुकांना टाळं लावतो तो जिवाणूमुळे पेटलेला दाह! जिवाणू स्वतः ते काम करत नाही.

बागेत आम्ल सोडून ड्रिपर मोकळे करतात. तशी औषधं आहेतही: अझासिटिडीन, डेसिटाबिन. काही रक्तविकारांत ती वापरली जातात. पण ती निवडून काम करत नाहीत, मिथाइलच्या गरजेच्या खुणाही पुसतात. जठराच्या कर्करोगात ती अजून नेहमीचा उपचार नाहीत. त्यामुळे आज हातात आहे ते जिवाणू वेळेत शोधणं आणि प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करणं. श्वासाच्या चाचणीने संसर्ग कळतो. मात्र पित्ताची गोळी चालू असेल तर तो असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते, म्हणून गोळी साधारण दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते.

जिवाणू गेल्यावर मिथाइलचं प्रमाण उतरतं, पण पूर्ण नाही. अस्तराच्या नव्या पेशी घडवणाऱ्या, दीर्घकाळ जगणाऱ्या मूळ पेशींत काही खुणा राहूनच जातात. म्हणून ज्यांचं अस्तर आधीच झिजलेलं असतं त्यांना पुढेही दुर्बिणीची तपासणी लागते. सुरुवातीची गाठ दुर्बिणीतून काढलेल्या रुग्णांच्या उरलेल्या, निरोगी दिसणाऱ्या अस्तरात याच खुणा मोजल्या, तर पुन्हा कर्करोग होण्याचा धोका कुणाला जास्त, याचा अंदाज आधी बांधता येतो, असं जपानमध्ये दिसून आलं आहे.