रोमचा पाचवा चतकोर

रोममध्ये तिबेर नदीपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या ज्यू वस्तीच्या तोंडाशी एक पडकी देवडी उभी आहे. नाव पोर्टिको द'ओत्ताव्हिया. सम्राट ऑगस्टसनं बहिणीच्या नावानं ती बांधली. पुढे मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत शहराचा मासळीबाजार इथेच भरत असे; मागच्या चर्चचं नावसुद्धा 'मासळीबाजारातला सेंट अँजेलो' असंच आहे. या देवडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये हुकूम कोरलाय: या पाटीपेक्षा लांब मासा आला, तर त्याचं डोकं, पुढच्या परांसकट, नगराच्या कारभाऱ्यांना द्यावं.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हा हुकूम समजावून सांगायला नको. मोठ्या माशाचं डोकं कोणाच्या ताटात पडतं यावरून घरातला मान कळतो, आणि कालवणाला खरी चव कशानं येते हेही त्याला ठाऊक असतं. रोमच्या कारभाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. डोकी त्यांच्याकडे गेली. बाजार उठल्यावर उरलेल्या शेपट्या, काटे, चिंधड्या शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी गोळा केल्या आणि त्यांचं सूप केलं, अशी तिथली सांगी आहे.

'रोममध्ये चांगलं कुठे जेवावं?' असं विचारलं की लोक हॉटेलांची यादी देतात. यादी दोन वर्षांत शिळी होते. त्यापेक्षा चांगला वाटा वर निघून गेल्यावर उरलेलं कोणी रांधलं आणि कुठल्या गल्लीत रांधलं, हे पाहिलेलं बरं. रोमचं आजचं नावाजलेलं बहुतेक जेवण त्या उरलेल्यातून आलंय.

या उरलेल्याला रोमन लोकांनी नावही दिलं आहे: 'क्विंतो क्वार्तो', म्हणजे पाचवा चतकोर. जनावराचे चार चतकोर. पहिला सरदारांचा, दुसरा पाद्र्यांचा, तिसरा शेठ-सावकारांचा, चौथा शिपायांचा. मग गरिबाला काय? डोकं, शेपूट, जीभ, भेजा, वजडी, आतडी, काळीज, खूर. चार चतकोरांत भाकरी संपते हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पाचवा असतो हे फक्त उपाशी माणसाला सुचतं. ही वाटणी अगदी अशीच होत होती असं कोणी धरून चालू नये, पण हिशेब फार खोटा नाही. सोलून-कापून झाल्यावर या 'टाकाऊ' भागाचं वजन जनावराच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतकं भरतं.

पाचव्या चतकोराचं गाव म्हणजे तेस्ताच्चो. (गाईबैलाचं मांस वर्ज्य असणाऱ्यांनी पुढचा थोडा भाग निव्वळ इतिहास म्हणून वाचावा.) 1871 मध्ये रोम एकीकृत इटलीची राजधानी झालं आणि शहर वाढवायचे आराखडे निघाले. त्यात शहराच्या दक्षिणेची नदीकाठची ही जागा कामगारांसाठी आणि कारखान्यांसाठी राखली गेली. 1888 ते 1891 या काळात जोआकिनो एर्सोक या वास्तुरचनाकारानं इथे नवा कत्तलखाना उभारला. त्या काळच्या मानानं तो फारच आधुनिक होता: लोखंडी मांडव, वाहतं पाणी, जनावरं टांगून पुढे सरकवायची सोय. कातडी सोलणाऱ्यांना मजुरीचा काही भाग पैशांत आणि काही भाग या पाचव्या चतकोरात मिळे. संध्याकाळी ती माणसं हातातलं गाठोडं घेऊन समोरच्या खानावळीत जात आणि मालकिणीला म्हणत, याचं काहीतरी कर.

त्या खानावळींपैकी एक, 'केक्कीनो', अजून तिथेच आहे आणि 1887 हे साल नावातच मिरवते. 'कोदा आल्ला व्हाचिनारा' हे बैलाच्या शेपटीचं कालवण तिथेच जन्मलं असं सांगतात. शेपूट तासन्‌तास मंद आचेवर टोमॅटोत शिजवायची, सेलरी सढळ हातानं घालायची, आणि काही घरांत शेवटी बेदाणे, चिलगोजे, चिमूटभर कोकोसुद्धा. हाडापासून मांस आपसूक सुटलं पाहिजे. काटा-सुरी बाजूला ठेवून हातानं खाल्लं तर रोममध्ये कोणी नाक मुरडत नाही. वजडीचं कालवण इथे पुदिन्याच्या जातीचा पाला आणि मेंढीच्या दुधाचं चीज घालून करतात. मटणाच्या दुकानाबाहेर वजडीसाठी रांग लावणाऱ्याला ते परकं वाटणार नाही.

'पायाता'ची गोष्ट मात्र वेगळी आहे. दूधपित्या वासराचं आतडं आतल्या दुधासकट शिजवतात. शिजताना ते दूध फाटून मऊ दाणेदार चीजसारखं होतं आणि टोमॅटोच्या रश्श्यातून पास्त्यावर येतं. 'मॅड काऊ' या गुरांच्या रोगाच्या भीतीनं युरोपीय संघानं 2001 मध्ये वासराच्या आतड्यांवर बंदी घातली, तेव्हा तेस्ताच्चोनं चक्क सुतक पाळल्यासारखं तोंड केलं. कोकराच्या आतड्यावर भागवलं गेलं. 2015 मध्ये बंदी उठली आणि फळ्यांवर 'पायाता' परत लिहिलं गेलं. एका आतड्यासाठी शहरानं चौदा वर्षं वाट पाहावी, याला खवय्येगिरी म्हणण्यापेक्षा मी आठवणीचा हट्ट म्हणेन.

कत्तलखाना 1975 मध्ये बंद झाला. आता तिथे कलादालन आहे, विद्यापीठाचा वास्तुकला विभाग आहे. लोखंडी आकडे अजून लटकताहेत. शेजारी मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे 35 मीटर उंच टेकडी आहे, आणि ती मातीची नाही, खापरांची आहे. प्राचीन काळी स्पेनहून, उत्तर आफ्रिकेहून ऑलिव्हचं तेल ज्या घड्यांतून येई, ते रिकामे घडे फोडून इथे रचले जात. खापरांमधून हवा खेळत राहते, आत गारवा टिकतो, म्हणून पुढे लोकांनी टेकडीच्या पोटात वाइनची तळघरं खोदली आणि तळघरांपुढे खानावळी आल्या. भाजीबाजार 2012 पासून कत्तलखान्यासमोरच्या नव्या इमारतीत आहे. तिथे दुपारी शिजवलेल्या मांसाचा रस्सा पावात जिरवून देणाऱ्या टपऱ्यांपुढची गर्दी पाहिली, की पाचवा चतकोर अजून कोण खातंय ते कळतं.

आता परत मासळीबाजाराच्या पाटीकडे. 1555 मध्ये पोप चौथा पॉल यानं फर्मान काढून रोमच्या ज्यूंना नदीकाठच्या सखल, पुरात बुडणाऱ्या तुकड्यात कोंडलं. भिंत, रात्री कुलूप लागणारे दरवाजे, जुन्या कपड्यांसारखे मोजकेच धंदे. हे लोक उपरे नव्हते. त्यांची वस्ती रोममध्ये पोपपदाच्याही आधीपासूनची. भिंती 1848 मध्ये पडल्या, पण खरी मोकळीक पोपची सत्ता संपल्यावर, 1870 नंतरच मिळाली. तीनशे वर्षांहून जास्त काळ एवढ्याशा जागेत जे शिजलं, त्याचा पाया तेल. डुकराची चरबी निषिद्ध, लोणी परवडणारं नाही आणि मांसाबरोबर चालणारंही नाही. मग जे स्वस्त मिळेल ते ऑलिव्हच्या तेलात तळा: भोपळ्याची फुलं, खारवलेल्या कॉड माशाचे तुकडे, आणि आर्टिचोक ही जाड पाकळ्यांच्या कळीसारखी भाजी.

'कार्चोफी आल्ला जुदिया', म्हणजे ज्यू पद्धतीचा आर्टिचोक, रोमच्या अस्सल जेवणाचं आज एक प्रतीक झालाय. यासाठी रोमच्या आसपासचा गोल, बिनकाट्याचा आर्टिचोक लागतो. सुरी गोल फिरवत बाहेरच्या निबर पाकळ्या काढायच्या, एकदा बेताच्या आचेवर तळायचा, मग पाकळ्या उलगडून कडक तेलात दुसऱ्यांदा. ताटात येतो तेव्हा शेवंतीच्या फुलासारखा. कडा वेफरसारख्या कुरकुरीत, आतला गाभा लोण्यासारखा. साहित्य म्हणाल तर तेल आणि मीठ. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये कोणी आग्रहानं वाढला, तर तो इथला नसणार हे समजून घ्यावं. 2018 मध्ये इस्रायलच्या प्रमुख धर्मपीठानं हा आर्टिचोक कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्याजोगा, नाही असं ठरवलं. कारण काय, तर पाकळ्यांच्या आत किडे राहू शकतात. रोमच्या ज्यूंनी ते ऐकून घेतलं आणि तळणं चालू ठेवलं.

त्या गल्लीत जेवायला बसलात तर पायाखाली मधूनमधून पितळी चौकोन दिसतील, त्यांवर नावं. 16 ऑक्टोबर 1943 च्या पहाटे नाझींनी इथून हजारावर माणसं उचलून आउशविट्झला धाडली. परतली सोळा.

रोमच्या पास्त्यांचा इतिहास मेंढपाळांकडून येतो. मेंढ्या उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात रोमच्या माळावर. पडशीत वाळवलेला पास्ता, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, मिरी आणि 'पेकोरीनो' हे मेंढीच्या दुधाचं खारट, टणक चीज. नुसतं चीज-मिरी म्हणजे 'काचो ए पेपे'. त्यात गालाचं मांस आलं की 'ग्रीचा'. ग्रीचात टोमॅटो आला की 'आमात्रिचाना'. यातलं आमात्रिचे हे गाव 1927 पर्यंत रोमच्या लात्सियो प्रांतात नव्हतंच, आब्रुत्सोत होतं. पण तिथले आचारी पिढ्यान्‌पिढ्या रोमच्या खानावळींत राबले आणि पदार्थ रोमचा झाला. 24 ऑगस्ट 2016 च्या भूकंपात ते गाव जमीनदोस्त झालं, तेव्हा इटलीभरच्या खानावळींनी आमात्रिचानाच्या दर ताटामागे दोन युरो मदतीला दिले: एक गिऱ्हाइकाचा, एक मालकाचा.

आपल्या शाकाहारी मंडळींना गाईड हमखास 'काचो ए पेपे' सुचवतात. मांस त्यात नाही हे खरं, पण पेकोरीनो रोमानो विरजतात ते कोकराच्या पोटातल्या विरजणानं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तळलेला आर्टिचोक किंवा तेल-मिठाचा 'पित्सा बियांका' घ्यावा. सहलवाल्यांच्या इंडियन डिनरपेक्षा दोन्ही नक्की बरे.

आणि कार्बोनारा? तिच्या अस्सलपणावरून रोममध्ये मारामारी होऊ शकते, पण दुसऱ्या महायुद्धाआधी तिचा कुठे पत्ता लागत नाही. जून 1944 मध्ये अमेरिकी फौजा रोममध्ये शिरल्या; त्यांच्या शिध्यात बेकन होतं, अंड्याची पूड होती. त्या शिध्याचा आणि रोमन पास्त्याचा संकर म्हणजे कार्बोनारा, असं बरेच अभ्यासक मानतात. 1954 मध्ये एका इटालियन मासिकानं छापलेल्या कृतीत लसूण आहे आणि ग्रुयेर हे स्विस चीज आहे. आज कोणी ते घातलं तर त्याला वाळीत टाकतील. म्हणजे 'आजीच्या हातची' कार्बोनारा फार तर आजीच्याच पिढीची. ती चविष्ट आहे हे वेगळं.

पर्यटकाची पंगत मात्र रोममध्ये कार्बोनारापेक्षा कितीतरी जुनी. पोप आठवा बोनिफेस यानं 1300 मध्ये पहिलं पुण्यवर्ष जाहीर केलं आणि यात्रेकरूंचा लोंढा आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काम्पो दे फिओरी या चौकाच्या आसपास धर्मशाळा-खाणावळींची गर्दी होती. त्यांतल्या 'गाय' नावाच्या एकीची मालकीण व्हानोत्सा कात्तानेई, पोप सहाव्या अलेक्झांडरची सखी. यात्रेकरूच्या खिशावर जगणं हा तिथला सनदशीर धंदा आहे. त्याचा कळस म्हणजे अल्फ्रेदो दी लेलिओ. बाळंतीण बायकोच्या तोंडाला चव यावी म्हणून त्यानं लोणी आणि पार्मेजान सढळ घालून पास्ता केला, 1914 मध्ये स्वतःची खानावळ काढली, आणि 1920 मध्ये हॉलिवुडचे डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड मधुचंद्राला येऊन त्यावर लुब्ध झाले. अमेरिकेत 'फेतुचिने अल्फ्रेदो' घराघरात पोहोचला. रोमन माणूस तो पोट बिघडल्यावर खातो, आपल्या मऊ भातासारखा. त्याला वेगळं नावही देत नाही.

1986 मध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा लोकांनी दारात वाडग्यांतून पास्ता वाटून निषेध केला. त्याच काळात कार्लो पेत्रिनी आणि मंडळींची, फास्ट फूडविरुद्ध पारंपरिक जेवणाची बाजू घेणारी चळवळ जोर धरत होती. 1989 मध्ये तिचं 'स्लो फूड' या नावानं आंतरराष्ट्रीय रूप झालं. मॅकडोनाल्ड्स तिथेच आहे, दोघांचंही छान चाललंय.

बिलाबद्दल एक. बसण्याबद्दल घेतला जाणारा 'कोपेर्तो' लात्सियो प्रांतानं 2006 च्या कायद्यानं बंद केला. म्हणून रोममध्ये बिलावर 'पाने', म्हणजे पाव, असं लिहून पैसे लावतात. पाव नको असेल तर आल्या आल्या टोपली परत करावी. शेवटी घातलेल्या वादाचा उपयोग होत नाही.

खानावळ पारखायची तर दाराजवळचा फळा वाचावा. 'गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी' ही रोमची जुनी म्हण. शुक्रवारी मांसाचा उपास, म्हणून आदल्या दिवशी बटाट्याच्या जड गोळ्यांनी पोट भरून घ्यायचं; रविवारच्या मेजवानीसाठी जनावर कापलं की शनिवारी वजडी उरायची. सहा भाषांतला, फोटोवाला मेनू सातही दिवस तोच असतो. न्योक्कीचा फळा फक्त गुरुवारी लागतो. त्या दिवशी तेस्ताच्चोत असाल तर साडेबारालाच जाऊन बसा; उशीर झाला की संपलेले असतात.